पाठवणीचा तुकडा

मी जात्याच संशयी. पण भाचीचं लग्न मामाला न सांगता ठरतंय असं दिसलं, तर देवमाणूसही संशय घेईल. आमच्या खानदेशात मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय मुलगी बोहल्यावर चढत नाही.

दाजी म्हणजे माझ्या रंजनाताईचे यजमान, नाव दगा. तरुणपणी ते गावच्या बँडमध्ये पियानो वाजवायचे. असतो तो कीबोर्ड, पण बँडवाले त्याला पियानोच म्हणतात. पुढे पोटासाठी सुरतला आले आणि लिंबायतला कापडाच्या लूमच्या खडखडाटात जन्म गेला. हल्ली मात्र जुना पियानो विकत आणून स्वतःच्या चाली बांधत होते. गाणी नव्हेत, चहा संपेपर्यंत संपतील असे छोटे तुकडे, बँडमधल्या नव्या पोरांसाठी. वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करून गावी बँडच्या वैभव मास्तरला पाठवायचे. सोबत सूचना असायच्या: इथं घाई नको, इथं बोट अलगद उचल.

हळद, रुसलेला नवरदेव, विहिणींची पंगत, अशी तुकड्यांची नावं. मग आली पाठवणी. ती ऐकून ताईनं डोळ्यांना पदर लावला आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. घरात लग्न नाही, तर पाठवणी कुणासाठी?

माझी भाची शीतल तर घाबरलीच. "मामा, मन्हं लगन ठरी गयं ना? मन्हं नर्सिंग अर्धंच ऱ्हाई जाई."

ताई म्हणे, मला ठाऊक नाही. दाजींना विचारावं तर नुसते हसायचे, नाहीतर उठून जायचे. त्यात बारडोलीहून एक पाहुणा येऊन त्यांच्याशी दार लावून बोलून गेलेला. मुलाकडचाच असणार, मी ताडलं. मला डावललं म्हणून अंगाचा तिळपापड झाला.

सुटीच्या दिवशी शीतलला नर्सिंगच्या होस्टेलवरून घेऊन दाजींकडे गेलो. दाजी पाठमोरे बसून वाजवत होते.

"दाजी, पोरनं लगन ठरी गयं का?" मी दारातूनच आवाज चढवला.

ते वळले नाहीत. माणूस इतका निगरगट्ट कसा, असं वाटलं. शीतलनं "पप्पा" म्हणून हाक मारली, मग ओरडून मारली. त्यांची बोटं चालूच. तिनं खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते दचकले.

तिनं कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"नही वं बेटा. तू शीक." दाजी ओशाळले. "लूमनी कान खादात. बारडोलीना तो मानूस कानना मशीनवाला व्हता. तुनी पाठवणी मालेच वाजाडनी व्हती. आते दुसरं कोनी वाजाडी. कान शेतस तोपर्यंत करी ठेवस."

ऐकू येतंय तोवर ते लेकीची पाठवणी बांधून ठेवत होते; मला माझीच लाज वाटली. शीतल त्यांच्याजवळ बसली आणि वाजवा म्हणून तिनं हातानं खुणावलं.

दाजींनी पाठवणी वाजवली. शेवटचा सूर विरला, तरी त्यांची बोटं पट्ट्यांवर दाबलेलीच होती. शीतलकडे बघत त्यांनी विचारलं, "सूर थांबना का?"