कराचीहून सहा तास

मानमोडीच्या साथीत आई-वडील एकाच आठवड्यात गेले, तेव्हा मी सात वर्षांची होते आणि दादा चौदाचा. इंदुरीच्या मामानं मला ठेवून घेतलं. दादा कामाच्या शोधात कराचीला गेला तो तिकडचाच झाला. माझ्या लग्नालाही त्याला सुट्टी मिळाली नाही. लोणावळ्यात रेल्वेच्या चाळीत माझा संसार सुरू झाला, दोन मुलं झाली, पण दादाचं तोंड मला दिसलं नव्हतं.

पुढं तो तिथल्या विमानतळावर मिस्त्री झाला. एका आषाढात त्याचं पत्र आलं. ‘पावसाळ्यात जुहूच्या मैदानात चिखल होतो म्हणून टपालाचं विमान पुण्याला उतरतं. कराचीहून निघालं की सहा तासांत पुणं. विमान चालवणारा साहेब मला बसवून आणणार हाये. नागपंचमीला येतो.’

आगगाडीनं तीन दिवस लागायचे. मी यजमानांना विचारलं, “अहो, सहा तासांत खरंच होईल?”

ते स्टेशनात पॉइंट्समन होते. म्हणाले, “वर आभाळात कुठं सिग्नल लागतोय!”

नागपंचमीला मी पहाटेच पुरणाचे दिंड उकडले, डब्यात भरले आणि आम्ही पुण्याची गाडी धरली. मैदानावर ओल्या गवतात दुपारपर्यंत उभे राहिलो. दादाला ओळखायचं कसं, याचीच मला धास्ती होती. ढगातून विमान खाली आलं. एक गोरा साहेब उतरला. मग टपालाच्या थैल्या उतरल्या. दार उघडंच होतं, मी त्याकडं बघत राहिले. आणखी कुणी उतरलं नाही.

यजमान चौकशी करून आले. “थैल्या जास्त झाल्या. वजन बसेना, म्हणून दादांना ऐन वेळी उतरवलं.”

मी रडले नाही. डबा यजमानांच्या हातात दिला. “साहेबांना म्हणावं, उद्या परत जाताना एवढं दादाला द्या.” साहेबानं डबा हातात तोलून पाहिला, हसला आणि मान हलवली. मग मात्र मला रडू आवरेना.

पंधरवड्यानं दादाचं पत्र आलं. ‘दिंड मऊ व्हते. आईवानी केलेस.’

पुढच्या वर्षी यजमानांनी पास काढला आणि मुलांना घेऊन आम्ही आगगाडीनंच कराचीला गेलो. तीन दिवस धूळ खाल्ली. फलाटावर उतरले आणि गर्दीत माझ्या आठवणीतला काळ्याभोर केसांचा मुलगा शोधू लागले. शेजारी एक अकाली पिकल्या मिशांचा माणूस टोपी हातात धरून कधीचा उभा होता.

“आगं, हितं बघ की,” तो म्हणाला.