पांढऱ्या लादीवरचे डिझायनर

होड्या बांधणाऱ्याला किस्से सांगायची सवय नसते. पण माझ्या शेडमध्ये डिझायनर आले आणि वर्षभरात इतकं साठलं, की सांगितल्याशिवाय जागा मोकळी होणार नाही.

माझी शेड नाटे गावात, खाडीला लागून. शिक्षण चौथी. लाकडी होडीला आता गिऱ्हाईक नाही, म्हणून शेड मीराला भाड्याने दिली. मीरा राजापूरची, मुंबईच्या कंपनीची इथली प्रमुख. काम एकच: मासे विकणाऱ्या बायकांना बाजारात बसायला बैठक बनवायची. दोन नमुने फुकट गेलेले. तिसराही गेला तर ऑफिस बंद, सगळे परत मुंबईला.

*

आधी त्यांनी काचेच्या केबिनी केल्या. आठ माणसं, आठ केबिनी. शेजारच्याला निरोपही मोबाईलवर!

मी मीराला विचारलं, "शोभेचे मासे पाळलेत काय?"

आठवड्यात काचा निघाल्या. त्याच दुपारी एकाचं अडलेलं काम दुसऱ्याने जाता जाता सोडवलं. दोन सुतार एकमेकांचा ठोका ऐकत काम करतात, हे मला ठाऊक होतं. शिकलेल्यांनाही तेच लागतं, हे नव्हतं.

*

बैठकीची उंची स्क्रीनवर तीन दिवस ठरेना. मी कोळसा घेतला, सुतळी ताणली आणि त्यांच्या पांढऱ्या लादीवर बैठक काढली, पूर्ण मापाची. होडी आम्ही अशीच जमिनीवर काढतो.

आठही जण भोवती उकिडवे बसले. एकजण हळूच म्हणाला, "तात्या, ही तर दारातून बाहेर जाणार नाही."

*

यशोदा मासेवाली रोज दारावरून जायची. मीरा आत बोलवायची, ती उंबऱ्याबाहेरच उभी.

"पाय भरलेत माझे. लादी मळंल गो बाय तुझी."

दुसरा नमुना बाहेरूनच बघायची, बरा हाय म्हणायची. बाजारात मात्र नमुन्यावर टोपली, आणि ही स्वतः जमिनीवर.

मी मीराला म्हटलं, "लादी काढ."

"तात्या, नवी आहे."

"मग नवी आहे तोवर काढ."

काढली. खाली माझी जुनी मातीची जमीन होती.

*

दुसऱ्या दिवशी यशोदा न बोलावता आत आली. जमिनीवर बसली, एक गुडघा उभा, पायाखाली विळी. गावच्या गोष्टी सांगत सुरमई कापली. कुणी एक प्रश्न विचारला नाही. मीरा त्या उभ्या गुडघ्याकडे बघत होती.

मग म्हणाली, "आणि आपण खुर्ची करत बसलो होतो."

तो गुडघा मी जन्मभर पाहिला. मलाही त्या दिवशीच दिसला.

*

तिसरा नमुना वीतभर उंच, पुढे विळीला जागा. मुंबईचे साहेब मुद्दाम आले. यशोदा बसली. गुडघा उभा केला. थोडी हलली. उठली. साहेबांनी विचारलं, कशी वाटली.

डोक्यावर चुंबळ ठेवली, बैठक उलटी करून तिच्यावर चढवली, टोपली काखेला मारली आणि बाजाराच्या वाटेला लागली.

मीरा दारापर्यंत धावली. "मावशी, तो एकच नमुना आहे!"

यशोदेने मागे वळून पाहिलं नाही.