खानावळीतली इटली

गजभारे सर सिनेमा दाखवताना बसायचे नाहीत. पडद्याच्या कडेला उभे राहून ते सगळ्यांचं बोलणं मराठीत सांगायचे. बाई बोलली की बाईचा आवाज, पोलीस बोलला की पोलिसाचा. म्हातारी रडली की हे नाक ओढायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस फिरलाय.

नांदेडला माझी खानावळ आहे. रविवारी दुपारी गोडाचं जेवण आणि संध्याकाळी चूल बंद, अशी आमची रीत. सर कॉलेजातून रिटायर झालेले, मूळचे बिलोलीचे, बायको वारलेली, दोन्ही वेळा माझ्याकडेच जेवायचे. एका रविवारी म्हणाले, "आक्का, तीन ते पाच तुमचा हॉल मोकळाच असतो. मला द्या. नांदेडला इटलीचा सिनेमा दाखवायचाय. दुसऱ्या महायुद्धानंतरच्यापासून आजच्यापर्यंत, ओळीनं."

"नांदेडनं इटलीचं काय बिघडवलंय?" मी विचारलं.

तरी दिला हॉल. खिडक्यांना गोधड्या लावल्या. आठ-दहा शिकलेली माणसं यायला लागली. त्यात एक दातांचे डॉक्टर होते. ते मांडीवर वही ठेवून अंधारात लिहायचे. एक प्राध्यापक बाई होत्या. त्या दर पाच मिनिटांनी "अच्छा" म्हणायच्या. मागच्या बाकावर मी आणि माझ्याकडे पोळ्या करणारी शकुंतला. आम्ही लसूण सोलायचो. लसूण सोलायला उजेड लागत नाही.

मी चौथी शिकलेली. पण दोन वर्षांत इटलीचे इतके सिनेमे पाहिले की तिथं सून म्हणून दिली असती तर नांदले असते. लढाईनंतरचे सिनेमे गरिबांचे. घरं पडलेली, कामं नाहीत, पोरं उघडी. सर भारावून सांगायचे, "यातला कुणीच नट नाही. रस्त्यावरची खरी माणसं उभी केलीत." शकुंतला म्हणायची, "मंग आपल्या गल्लीत येऊन बघा की. आमी बी खरेच हाव."

त्यानंतरचे श्रीमंतांचे. मोठं घर, मोठी गाडी, आणि बाई भिंतीला टेकून उभी. नवरा सिगारेट ओढतोय. काय झालं ते दोघंही सांगत नाहीत. प्राध्यापक बाई त्याला एकटेपणा म्हणाल्या. शकुंतलेचं म्हणणं, तिच्या घरात कामाला बाई आहे, म्हणून तिला टेकायला वेळ आहे. मला शकुंतलेचं पटलं.

हसायचे सिनेमे मात्र झकास. त्यात लग्नं, मानपान, भावकी, खानदानाची अब्रू. मुखेडच्या माझ्या माहेरचीच माणसं, फक्त गोरी. पैलवानांचे सिनेमे होते. अंगाला तेल लावून दगडी खांब उपटायचे, दुसरं काम नाही. मग घोडे आणि पिस्तुलं. दोन माणसं समोरासमोर उभी राहून डोळे बारीक करायची, तेवढ्यात माझा पावशेर लसूण सोलून व्हायचा. सर म्हणाले, हे अमेरिकेचं दाखवतात, पण काढलंय स्पेनात. म्हणजे दुसऱ्याच्या रानात जाऊन तिसऱ्याचं सोंग. आणि भुतांखुनांचे तर विचारू नका. रक्त इतकं लाल की टोमॅटोचं सार वाटावं.

"सर, तुमी सगळ्यांचे आवाज काढता, लोक हसतात," मी एकदा सांगितलं.

"हसू द्या. अहो, इटलीत कित्येक सिनेमांत आवाज मागूनच चिकटवलेला असतो. तोंड एकाचं, आवाज दुसऱ्याचा. तिथल्या लोकांना चालतं, तर नांदेडकरांना काय धाड भरली?"

त्यांची दोन वाक्यं ठरलेली. कंटाळा आला म्हटलं की, "घाई नका करू, सिनेमावाला पण घाईत न्हाई." आणि गोष्ट कळली नाही म्हटलं की, "गोष्ट नंतर, आधी बघा." बघा, बघा, असं दोन तासांत वीस वेळा म्हणायचे.

एका रविवारी लग्नाचा सिनेमा होता. सरांनी लॅपटॉप लावला, चर्चच्या घंटा वाजल्या, आणि सर सुरू झाले. "आज गावात लग्न आहे. पाहुणे जमलेत. नवरी लाजतीय." पडद्यावर काळ्या कपड्यातली माणसं आणि मधोमध पेटीत एक म्हातारा, नाकात कापूस. सर म्हणाले, "हा नवरदेव. सासऱ्याला घाबरून गप्प बसलाय."

शकुंतला माझ्या कानाशी आली. "आक्का, नवरदेव तर आडवा हाय."

मग तिनं मोठ्यानंच विचारलं, "सर, ह्ये मयत हाय न्हवं?"

दातांचे डॉक्टर मागं वळून म्हणाले, "बाई, शांत राहा. ते प्रतीक आहे." प्राध्यापक बाई म्हणाल्या, "अच्छा! विवाह म्हणजे व्यक्तीचा मृत्यू." आणि डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं. पाऊण तास त्या मयतीत सरांनी वरात काढली, नवरी नांदायला पाठवली. शेवटी टाळ्या पडल्या. शिकलेल्या आठ माणसांना दिसत होतं ते बोलायची हिंमत नव्हती.

सगळे गेल्यावर मी सरांपुढे उलथणं धरलं. "सर, ह्ये काय हाय?"

"चहा ना? द्या," म्हणून त्यांनी हात पुढे केला.

मी त्यांना बाकावर बसवलं आणि त्यांच्या हातून चूक झाली ती सांगितली. ते म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. जुने सिनेमे पूर्वी पाहिलेले, म्हणून आठवणीतून बोलत होते. खालची इंग्रजी अक्षरं दीड वर्ष दिसली नव्हती. आज फाईल चुकली.

"लेकीला सांगू नका, आक्का. ती लातूरला घेऊन जाईल. आजच्या इटलीपर्यंत यायचंय मला. पाचच राहिलेत. आणि ते मी कधी पाहिलेले न्हाईत. तिथं बनवाबनवी करायला आठवण बी न्हाई."

मला दया वगैरे येत नाही. पण अर्धवट राहिलेलं काम मला बघवत नाही. मी म्हणाले, "बुधवारी दुपारी या. मी बघून सांगते. बोलणं मला कळायचं न्हाई, दिसंल तेवढं सांगीन."

मग दर बुधवारी मी बघायची आणि सांगायची. "पोरगी फॅक्टरीत गेली. साहेब वरडला. पोरीनं डबा उघडला. खाल्लं न्हाई." रविवारी सर तेच आपल्या आवाजात सांगायचे. प्राध्यापक बाई म्हणाल्या, "सरांची भाषा अलीकडे किती संयत झालीय!" चौथीची भाषा होती ती.

शेवटच्या सिनेमात डोंगरातलं एक गाव होतं. पोरं सगळी दुसऱ्या देशात कामाला गेलेली. एक म्हातारी रोज बसच्या थांब्यावर लेकाची वाट बघते. सरांनी विचारलं, "शेवटी येतो का?"

"न्हाई. बस जाते. ती उभी ऱ्हाते."

"रविवारी आला म्हणून सांगतो. लोकांना बरं वाटंल."

"लोकांना डोळे हायत, सर."

"मयतीच्या वेळी होते का?"

मी म्हणाले, "खोटं सांगायचं असंल तर मी सांगत न्हाई. मला काम हाय."

शनिवारी लेक लातूरहून आली. बाप भिंत चाचपत दाराशी आलेला बघितला आणि तिनं बॅगच भरली. सर एवढंच म्हणाले, "उद्याचा रविवार होऊ दे." रविवारी ती मागच्या बाकावर आमच्याशेजारी येऊन बसली.

लातूरला गेल्यावर सर सात महिनेच जगले. मला कळलं ते तेराव्या दिवसानंतर. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखा आहे तो रविवार.

सिनेमा शेवटाला आला. म्हातारी थांब्यावर आली. सर बोलता बोलता थांबले. म्हणाले, "मंडळी, मला दिसत नाही. दीड वर्ष झालं. पुढचं आक्का सांगतील." आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

डॉक्टरांनी वही मिटली. मी उठून पडद्याजवळ गेले.

"बस आली," मी म्हणाले. "दोन बाया उतरल्या. एक माणूस उतरला. तो लेक न्हाई. बस गेली."

"आता?" सरांनी विचारलं.

"उभी हाय."

"आता?"

"अजून उभी हाय."

"तोंड कसं हाय तिचं?"

हे त्यांनी बुधवारी विचारलं नव्हतं. मी नीट बघितलं. मागं लेक रडत होती, त्याचा आवाज येत होता.

"घरी जाऊन सैपाक करायचाय, असं," मी म्हणाले.

सर मोठ्यानं हसले. "हाव," म्हणाले, "तसंच असणार," आणि पडदा पांढरा होईपर्यंत त्याच्याकडे तोंड करून बघत बसले.