पोर मायवर गई

"काही नाही ताई, जरा बसले होते."

कुणी आत आलं की हे वाक्य म्हणतच ती उठायची. कुणी काही विचारलेलं नसायचं. पाणी प्यायला दोन मिनिटं भिंतीला टेकलेली असली, तरी दारात माणूस दिसलं की खुलासा देत उभी. अशी बाई तुमच्याही ओळखीत असेल. आपण तिला सालस म्हणतो आणि पुढे जातो. मीही तेच केलं.

नवागामला साड्यांना लेस लावण्याच्या आमच्या कारखान्यात ती अकरा वर्षं होती. चौदा बाया, चौदा मशिनी आणि याद्या करणारी मी. कोण काय शिवणार, कुणाची सुट्टी, कुठल्या मशिनीला तेल, सगळं माझ्या वहीत. साडीचे कोपरे मी तिच्याकडे द्यायची. कोपऱ्यावर लेस वळवताना इतरांच्या हातून चुणी पडायची, तिच्या हातून नाही.

बोलायची कमी, पण बोलली की बाया मशिनी थांबवून ऐकायच्या. एकीने विचारलं, "तुझा नवरा घरी बोलत कसा नाही गं?"

"दिवसभर कापडाच्या लूमच्या आवाजात असतो. घरी आल्यावर त्याला वाटतं, आपण बोललो."

तिची गोष्ट मला कळली ती डबा खाताना. मुलगी दीड महिन्याची असताना हिला काहीतरी झालं. काय, ते तिला सांगता येत नव्हतं. "पोर रडायची ते ऐकू यायचं, ताई. उठायचं आहे हेही कळायचं. पण उठणारी बाई कुठेतरी गेलेली." असं पोर दोन वर्षांचं होईपर्यंत चाललं. मग ओसरलं, आणि पुढेही दोनदा आलं.

घरच्यांनी काय केलं? सासूने आधी आळशी म्हटलं, मग बाहेरचं लागलं म्हणून भगताकडे नेलं, मग अमळनेरला माहेरी पाठवून दिलं, की आईकडे राहून अक्कल येईल. पोरीच्या लसी वेळेवर झाल्या, वजन दर महिन्याला झालं. त्या पोरीला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईकडे एकानेही मान वर करून पाहिलं नाही. नवरा शंभर लूमच्या गोंगाटात कुठला धागा तुटला ते ओळखायचा म्हणे.

गेल्या वर्षी मुलीला एकोणिसावं लागलं. डिंडोलीच्या घरून कॉलेजला जायची, मैत्रिणींशी गुजरातीत खिदळायची. एकाएकी जाणं बंद झालं. जेवण बंद, अंघोळ बंद. घरात ठरलं की मोबाईलचा दोष आहे, आणि मोबाईल काढून घेतला. नंदुरबारचं एक स्थळ चालून आलं होतं, त्यामुळे लग्न झालं की आपोआप ताळ्यावर येईल हेही ठरलं.

चौथ्या दिवशी आईने मला गाठलं. "ती भिंतीकडे तोंड करून निजते, ताई, पण झोपत नाही. ते निजणं मला माहीत आहे. दवाखान्यात फॉर्म गुजरातीत असतात. तुम्ही चला."

गेलो. ती, मुलगी, मी, आणि पाळत ठेवायला सासू. केसपेपर भरायचं काम अर्थातच माझं. नाव, वय, पत्ता, झोप, भूक. मग एक रकाना आला: घरात यापूर्वी कुणाला मानसिक त्रास? मी मोठ्याने वाचला.

सासू माझ्या कानाशी आली. "नही लिख. सोयरिक मोडी जाई."

मी 'नाही' लिहिलं. हो, मी. डबा खाताना सगळं ऐकलेल्या बाईने. पोरीचं लग्न मोडायला नको, एवढा व्यवहार मी त्या एका क्षणात केला.

"ताई, काय लिहिलंत? वाचा," ती म्हणाली.

"नाही, असं."

"खोडा. मला होतं, असं लिहा. डॉक्टरला खोटं सांगून पोरीला खरं औषध कसं मिळेल?"

सासू म्हणाली, "लाज वाटत नही तुले?"

"वाटायची. आता वेळ नाही."

मी खोडलं. डॉक्टरीणबाईंनी ती ओळ वाचली आणि आधी मुलीकडे नाही, हिच्याकडे पाहिलं. "बेन, त्यारे तमने कोईए पूछ्युं ज नहीं?" तेव्हा तुम्हाला कुणी विचारलंच नाही? मग त्यांनी समजावलं. आईचा असा आजार उपचाराविना राहिला तर पुढे मुलांनाही त्रास होण्याचा संभव वाढतो. होतोच असं नाही. आईला वेळेवर बरं केलं तर मुलालाही त्याचा फायदा होतो. त्या दिवशी आम्ही एका मुलीला घेऊन गेलो आणि दोन केसपेपर घेऊन परतलो.

सासूने यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी नेलं. संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर झालं. "पोर मायवर गई." पोर आईवर गेली. अठरा वर्षं ज्यांनी या बाईला आजारी मानलं नाही, त्यांनी तिला त्या दिवशी एका दमात आजारी मानलं, तेही गुन्हेगार हवा होता म्हणून. भगताकडे नेणाऱ्यांवर कोणी गेलं नव्हतं. आळशी म्हणणाऱ्यांवर कोणी गेलं नव्हतं. मी हे सासूला कारखान्याच्या दारात चौदा बायांसमोर सांगितलं, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. स्थळ मोडलं. सासूने मुलीच्या गोळ्या मोरीत टाकल्या. नवरा म्हणाला, "आईशी कोण भांडणार."

गोळ्या गेल्या त्याच आठवड्यात ती मुलीला घेऊन निघाली. बारडोलीला तिचा भाऊ साखर कारखान्यात आहे, त्याने शेजारची खोली बघून दिली. जाताना दोघी आमच्या कारखान्यात आल्या. मुलगी अंगाने वाळली होती, पण केस विंचरलेले होते. बाहेरच्या पायरीवर बसून ती रस्त्याकडे बघत राहिली.

"गोळ्यांच्या वेळा लिहून द्या, ताई. मराठीत."

मी वहीचं पान फाडलं, मधोमध रेघ मारली. डावीकडे आई, उजवीकडे मुलगी, सकाळ, दुपार, रात्र. मला माझी यादी चांगली वाटली. तिने पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

"एकाच कागदावर नको."

"अगं, सोयीचं पडेल. दोघींचं एका ठिकाणी."

"तिला रोज माझं नाव शेजारी दिसेल. तिचं तिला वेगळं असू दे."

मी लेसच्या कात्रीने पान रेघेवर कापलं. तिने आपला अर्धा कागद कमरेला खोचला आणि दुसरा बाहेर जाऊन मुलीच्या हातात दिला. मुलीने तो उघडून वाचला, घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवला, आणि बारडोलीची बस किती वाजता आहे ते विचारलं.