आमच्या अंगणात निवडुंग कसे आले

बसा, चहा येतोय. तुमची नजर मघापासून त्या निवडुंगांवर आहे, तेव्हा तुम्ही विचारायच्या आत मीच सांगून टाकतो. खारघरच्या चांगल्या रो-हाउसमध्ये, स्वतःच्या अंगणात, पैसे मोजून एवढे काटे कोणी लावून घेतले असतील, तर तो शहाणा तुमच्यासमोर बसलाय.

आधी माझा धंदा समजून घ्या, नाहीतर तुम्ही मला नुसताच वेडा ठरवाल. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात. सळई, पत्रा, अँगल. शाळा आठवीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण गोदामात. आणि त्या शिक्षणाचा पहिला धडा असा, की जो माल हवाय त्याच्याकडे प्रेमाने बघायचं नाही. सळई उचलायची, तोंड वाकडं करायचं. "गंज धरलाय हो. हलकी पण वाटते. नको, राहू दे." मग शेजारच्या मालाकडे वळायचं, जो फुकट दिला तरी आपल्याला नकोय, आणि म्हणायचं, "हा मात्र फर्स्ट क्लास." समोरचा व्यापारीही मुरलेला. त्याला बरोबर कळतं, याचा जीव सळईत अडकलाय. आमच्यात नावं ठेवतो तो गिऱ्हाईक. कौतुक करतो तो नुसता चहा प्यायला आलेला. सगळा बाजार यावर चालतो आणि कोणाचं काही बिघडत नाही.

बिघडलं ते घरी.

आमची लेक प्राजक्ता, सातवा महिना लागत होता. डोहाळजेवण आपल्याच अंगणात करायचं, असं सुलभाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, ठरवलं होतं. अंगण तोवर काय होतं? घराच्या कामातल्या उरलेल्या विटा, माझ्या गोदामातून येऊन पडलेले अँगल आणि कोपऱ्यात सुलभाने हाताने लावलेला मोगरा.

ती म्हणाली, "मला फार काही नको. पायाखाली हिरवळ, माझा मोगरा, आणि प्राजूला बसवायला झोपाळा. एवढं नीट करून द्या."

"दिलं," मी म्हणालो. आणि मी शब्द दिला की मागे हटत नाही. कळंबोलीत कोणालाही विचारा.

तुर्भ्याच्या बाजूला एका लँडस्केपिंग कंपनीची नर्सरी आहे. नाव सांगत नाही, चांगली माणसं आहेत, माझ्यामुळे त्यांना कशाला त्रास. फोन केला. त्यांची डिझायनर आली, अदिती. तरतरीत मुलगी, हातात टॅब. सुलभा बाहेर यायला निघाली तर मी दारातच अडवलं.

"तू आत थांब. तू 'अय्या, किती छान' म्हणालीस की दर वर गेलाच."

"अहो, पण बाग माझ्यासाठी आहे ना?"

"म्हणूनच. चहा टाक."

अदिती ओट्यावर बसली. एकेक फोटो दाखवत म्हणाली, "सर, फक्त मोकळेपणाने सांगा. तुम्हाला काय आवडतं, काय नाही. मी त्यावरून डिझाइन करते."

आता मोकळेपणाने हा शब्द मी तीस वर्षांत धंद्यात वापरलेला नाही. तिने पहिला फोटो दाखवला, मऊशार हिरवळ. माझा जीव थंड झाला. तोंड वाकडं केलं.

"लॉन? मला काय म्हैस बांधायची आहे इथे?"

"ओके सर. लॉन नको."

दुसरा फोटो, झोपाळा. पितळी कड्या, सागवानी पाट. डोळ्यांसमोर प्राजू बसलेली दिसायला लागली. म्हटलं, "हे कुरकुर वाजतं. आणि माझं वय काय आता झोके घ्यायचं?"

"बरोबर आहे सर. आणि मोगरा वगैरे?"

"मोगऱ्याच्या वासाने माझं डोकं उठतं."

मग तिने बोट सरकवलं आणि एक फोटो आला. पांढरी खडी, त्यात निवडुंग, मागे भिंतीला मुद्दाम गंजवलेले लोखंडी पत्रे. गंजवलेले. मुद्दाम. मी आयुष्यभर लोकांचा गंजका माल परत पाठवत आलो. म्हटलं, हाच तो शेजारचा माल.

"हे बघा," मी म्हणालो, "याला म्हणतात बाग. काय रंग आहे त्या गंजाला. फर्स्ट क्लास."

अदितीचा चेहरा उजळला. मला वाटलं, पोरगी हुशार आहे, समजली. गेटपर्यंत सोडायला गेलो तर म्हणाली, "थँक्यू सर. तुमच्यासारखे क्लिअर क्लायंट फार कमी भेटतात."

आत येऊन सुलभाला म्हटलं, "काम फत्ते."

पुढे तिने डिझाइनची चित्रं व्हॉट्सअॅपवर पाठवली. मी उघडली नाहीत. का? अहो, निळ्या खुणा दिसल्या की समोरच्याला कळतं, माल हवाय. सुलभा रोज विचारायची, "बघितलंत का?" मी म्हणायचो, "घाई करायची नसते. तापू दे त्यांना." शेवटी अदितीचाच फोन आला.

"सर, डिझाइन बघितलंत ना? कसं वाटलं?"

"ठीक आहे. काही विशेष नाही."

आमच्या बाजारात याचा अर्थ, उत्तम आहे, दर बोला.

"मग तुम्हाला अजून बोल्ड हवंय का सर?"

बोल्ड म्हणजे काय ते मला कुठे ठाऊक. म्हटलं, "करा तुमच्या मनाने."

दराची घासाघीस मात्र मी मन लावून केली. त्यात मी जिंकलो, हे नोंदवून ठेवा, कारण या किश्शात मी दुसरीकडे कुठेच जिंकत नाही.

मग आम्ही गावाकडे, साताऱ्याला, पुतण्याच्या लग्नाला गेलो. इकडे काम सुरू. परत आलो तेव्हा डोहाळजेवण पुढच्या रविवारवर आलेलं. गाडी गल्लीत शिरली तर आमच्या कंपाउंडपाशी शेजारचे दोघे-तिघे उभे. मी काच खाली केली, "बघताय ना बाग?"

एक जण म्हणाला, "शेठ, बाजारातला माल परत आला वाटतं?"

गेट उघडलं. समोर पांढरी खडी, इकडून तिकडे. तिच्यात निवडुंग. गोल, उंच, हात पसरलेले, एक तर अगदी आमच्या मेहुण्यासारखा पोट पुढे काढून उभा. आणि भिंतीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गंजके पत्रे.

सुलभा हातातली पिशवी खाली न ठेवता उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "प्राजूला कुठे बसवायची? त्या गोल काट्यावर?"

मग तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. "माझा मोगरा कुठे आहे?"

मी अदितीला फोन लावला आणि आवाज चढवला. "काय करून ठेवलंत हे? मोगरा काढायला कोणी सांगितलं?"

"सर, तुम्हीच म्हणालात वासाने डोकं उठतं. तुमच्या तब्येतीसाठी काढला." ती बिचारी खरंच काळजीने बोलत होती. "लॉन तुम्हाला म्हशीसाठी वाटलं, झोपाळा कुरकुरतो म्हणालात. गंजाचा रंग आवडला म्हणालात. मी भिंतभर दिला, सर."

सुलभाने माझ्या हातातून फोन घेतला. "बाळ, मोगरा टाकून दिलास का गं?"

"नाही काकू. जुनं झाड होतं, जिवावर आलं. नर्सरीत कुंडीत लावलाय."

"मग ऐक. हे गृहस्थ जे जे आवडत नाही म्हणाले ना, ते सगळं यांना हवंय. जे आवडलं म्हणाले, ते नकोय."

मग अदिती म्हणाली, "काकू, असं कोण बोलतं?"

"लोखंडवाले बोलतात. मला बघायला आले तेव्हा पोह्यांना नावं ठेवत होते. मीठ जास्त, मोहरी कच्ची. माझे वडील भुसार मालाचे व्यापारी, त्यांनी आत येऊन आईला सांगितलं, साखर काढ, जमलं. तुझे वडील काय करतात?"

"बँकेत आहेत."

"बघा," सुलभा माझ्याकडे वळली. "तिला कसं कळणार?"

दुसऱ्या दिवशी अदिती आली. मी ठरवलं होतं, रविवारच्या आत अंगण उभं करायचं, काय वाटेल ते झालं तरी. सुलभाने अट घातली, "सरळ बोलायचं. माझ्यासमोर."

तुम्हाला हसू येईल, पण मोठमोठ्या उधाऱ्या वसूल करतानाही मला असा घाम फुटला नव्हता. मी ओट्यावर बसलो. म्हटलं, "मला लॉन..."

"हं," सुलभा म्हणाली.

"लॉन आवडतं."

"पुढे."

"झोपाळापण आवडतो. मोगरा तर..." घसा खाकरला. "चांगला असतो."

अदितीने मान हलवली, पण माझ्यावर तिचा विश्वास उरला नव्हता. प्रत्येक वाक्यानंतर ती सुलभाकडे बघायची, सुलभाने मान डोलावली की पुढे जायची. खडी भरून बाहेर गेली. गालिच्यासारखी गुंडाळी केलेली हिरवळ टेंपोतून आली आणि पसरली. झोपाळ्याचा सांगाडा मी स्वतः, माझ्या मालातून, माझ्या माणसांकडून जोडून घेतला. मोगरा परत आला. दर यावेळी त्यांनी सांगितला तोच. मी तोंड उघडायला गेलो, तर सुलभाने नुसतं पाहिलं.

रविवारी प्राजू हिरवी साडी, अंगावर फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली. आमच्याच मोगऱ्याच्या कळ्या तिच्या वेणीत होत्या. सुलभाने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, सुटलो.

इथेच थांबलो असतो तर बरं होतं.

निवडुंगाच्या कुंड्या आणि काढलेले पत्रे मी मागच्या भिंतीशी रचून ठेवले होते. जेवणं झाल्यावर विहीणबाई तिकडे फिरत आल्या. बाई बोलायला गोड, सहसा कोणाला दुखवत नाहीत. आणि माहेर कुठलं, तर वाशीच्या बाजारातले मसाल्याचे जुने व्यापारी. त्या निवडुंगांपाशी थांबल्या. वाकून पाहिलं. पत्र्यावर बोट फिरवलं.

"काय हो हे, भाऊ," त्या म्हणाल्या, "नुसते काटे. आणि हा गंज. घरात कोणी ठेवतं का असं?"

माझ्या कानात घंटा वाजली. बोट फिरवलं. तोंड वाकडं केलं. नावं ठेवली. व्यापाऱ्याची मुलगी. अहो, अख्ख्या समारंभात माझी भाषा बोलणारं हे एकच माणूस भेटलं होतं.

मी हसून म्हटलं, "कळलं, ताई. अगदी कळलं."

त्या जरा गोंधळल्यासारख्या दिसल्या. मी मनात म्हटलं, काय सुंदर सोंग वठवतात.

सोमवारी सकाळी टेंपो भरला. सगळे निवडुंग, पत्रे वरून बांधून, लेकीच्या सासरी रवाना. सुलभाला सांगितलं नाही, म्हटलं तीही खूश होईल. मी दुकानात गादीवर बसून वाट बघत होतो, विहीणबाईंचा फोन येईल.

फोन आला प्राजूचा.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "सासूबाई देवघरात जाऊन बसल्यात. विचारतात, डोहाळजेवणात आमच्याकडून काही कमी-जास्त झालं का? तुम्ही दारात काटे आणि गंजकं लोखंड पाठवलंत."

संध्याकाळी आम्ही दोघं माफी मागायला गेलो. गाडीत सुलभा एकच वाक्य बोलली, "तिथे जे पुढे येईल त्याचं कौतुक करायचं."

पुढे पोहे आले. विहीणबाईंचं चित्त थाऱ्यावर नसावं, कारण मीठ दोनदा पडलं होतं. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. पण लेकीच्या संसाराचा प्रश्न. मी म्हटलं, "ताई, काय पोहे झालेत. फर्स्ट क्लास."

बाईंचा चेहरा खुलला. सगळा राग गेला. माझी डिश त्यांनी पुन्हा भरली, आणि निघताना डबाही भरून दिला.

परत येताना निवडुंगांचा टेंपो मागे, आम्ही पुढे, आणि माझ्या मांडीवर खारट पोह्यांचा डबा. सुलभा म्हणाली, "सकाळी नाश्त्याला हेच. आवडलेत ना तुम्हाला."