पंगतीत वहिनी नसते

आम्ही देऊळघाटचे. माझी ताई दिली मेहकरकडे, हिवरा आश्रमाजवळच्या एका गावात. तिला राग आला की ती बोलत नाही, कात्री जोरात ठेवते. माया आली तरी बोलत नाही, न विचारता ताटात वाढते. अशा बाईला दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवणारा दीर मिळाला, ही देवाची गंमतच म्हणायची.

दीर गावातला केबलवाला. आधी खांबांवरून टीव्हीच्या तारा ओढायचा, आता त्याच खांबांवरून इंटरनेट देतो. हिवाळ्यात आश्रमाची मोठी पंगत बसते, शेतात ओळीच्या ओळी, आणि पुऱ्या-वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येते. तिथं तो दरवर्षी हौसेनं वाढायला जातो. एकदा मी ताईच्या शेजारी बसलो होतो. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसावं म्हणतात, त्यामुळे मी जरा ऐटीतच होतो. ताई त्याला गमतीनं म्हणाली, "भाऊजी, मले एक पुरी जास्तीची वाढा." तो थांबलासुद्धा नाही. "पंगतीत वहिनी नसते, पान असते!" असं ओरडून पुढं गेला. तेव्हापासून हा माणूस मला मनापासून आवडतो.

ताई ब्लाउज शिवायची. आसपासच्या गावांतून बायका यायच्या. मग मशीनचं पायडल मारून मारून गुडघे धरले आणि डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलं. त्या दिवसांतली ताई मला आठवायलाही नको वाटते. भिंतीला टेकून नुसती बसलेली असायची. हातातलं कसब असं वाया जाताना बघवेना, म्हणून मी म्हटलं, शिवू नको, शिकव. व्हिडिओच्या मोठ्या साइटवर सुरुवात केली, पण कुठले कुठले पुरुष खाली घाण लिहायचे. शिकणाऱ्या पोरी लाजून गप्प झाल्या. शेवटी मी तिच्यासाठी एक छोटी वेबसाइट करून दिली. तिथं ठरलेल्या बायकाच येणार, ताई समोर कापड कापणार, त्या आपापल्या घरी कापणार. दुपारची भांडी आटोपली की वर्ग भरायचा. ताईच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं. भाजीत मीठही पुन्हा बरोबर पडायला लागलं.

आणि मग चित्र अडकायला लागलं. कात्री हवेत थिजायची, आवाज मागून यायचा. गावातल्या एका नवरीनं शालूतलं ब्लाउजपीस कापायला घेतलं होतं. ताई म्हणाली, "पुढचा गळा खोल कापू नका, मागचा कापा." पोरीला मधलं ऐकूच आलं नाही, आणि तिनं पुढचा गळा खोल कापून टाकला. तसं कापड पुन्हा कुठून आणायचं? पोर रडली. ताईनं जोड देऊन, वर लेस लावून तो गळा सावरला. पण बायका म्हणायला लागल्या, "ताई, तुमचं नेट लय खराब आहे हो. मोबाईलवर बाकी सगळं तर फास्ट चालते." एकेक जण मोठ्या ॲपवरच्या शिवणवर्गाकडे वळली.  ताई कात्री रोज जोरात आपटायची.

मी बुलढाण्याहून आलो आणि माझ्याच कामात चूक असणार म्हणून वेबसाइट उलटीपालटी तपासली. काही सापडेना. शेवटी ताईची जाऊ, म्हणजे दिराची बायको, सहज बोलून गेली, "यायनं नवा प्लॅन काढला ना!" तेव्हा उलगडा झाला. दिराला वरून लाइन देणाऱ्या कंपनीच्या माणसानं सुचवलं होतं की ठरावीक मोठ्या ॲपना सुसाट वाट द्यायची, बाकीच्यांनी उरलेल्या वाटेनं यायचं. गाव खूश होतं, कारण मालिका आता अडकत नव्हत्या. कुणाची वाट अरुंद झाली हे कुणाला दिसतच नव्हतं.

ताई आणि मी त्याच्या घरी गेलो. मी म्हटलं, "एकाला फास्ट, दुसऱ्याला हळू, याला आपल्या देशात परवानगी नाही." तो म्हणाला, "नियम ढिले होऊन राह्यले म्हनते तो कंपनीवाला. अन् खांबावर चढून कोन पाहाले येते?" मग ताईची अडचण कळली तसा बिचारा कळवळला. "वहिनी, आधी काऊन नाई सांगितलं? तुमची साइट टाकतो ना फास्टमध्ये. आत्ताच टाकतो!" त्यानं मोबाईल काढलाही. मला हायसं वाटलं. ताईचा वर्ग वाचला, आणखी काय हवं?

"थांबा भाऊजी," ताई म्हणाली. "पंगतीत वहिनी असते काय?"

त्यानं मोबाईल खाली घेतला.

"माह्या पानात तुम्ही वाढसान, मी वहिनी हाव म्हनून. उद्या दुसरी कोनी असंच काही शिकवाले बसन. जिले दीर नाई, तिनं काय कराव?"

ताई एका दमात एवढं बोललेली मी कधी ऐकली नव्हती. दीर खालच्या आवाजात म्हणाला, "पन मालिका अडकली की लोक माह्या दारात येतात, वहिनी." ते खरंच होतं. ताईनं मान हलवली, पदर सावरला आणि आम्ही घरी आलो. वाटेत मी तिच्यावर चिडलो. आपल्या पोळीवर थोडं तूप ओढलं असतं तर काय बिघडलं असतं? ती हसली फक्त. त्या दुपारी वर्गाला दोघीच होत्या, आणि कात्री हवेत थिजतच होती.

पुढं बरेच दिवस तसेच गेले. ताईनं वर्ग एकदाही बुडवला नाही. मग एके दिवशी मी तिच्याकडे गेलो, तर तिची सासू कुरकुरत होती. मालिका ऐन भांडणाच्या सीनला थांबली होती आणि ती आपल्या केबलवाल्या लेकाच्या नावानं बोटं मोडत होती, "चांगला फास्टचा प्लॅन होता, कायले बंद केला यानं!" आतल्या खोलीत ताईची कात्री मात्र न अडखळता चालली होती. मागचा गळा, मग बाही. पडद्यावरून शालूवाली पोर म्हणाली, "ताई, तुमचं नेट सुधरलं वाटते."

ताईनं कापडावरची नजर न हलवता म्हटलं, "माह्यं नाई वं, सगळ्याईचं."