मार्गशीर्षातला टार्ट

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलाला तर नाहीच. ज्या बहिणीला माझ्या गुडघेदुखीपासून सगळं ठाऊक असतं तिलाही नाही. देवापुढे हात जोडल्यावर हा विषय मनात आला की मी घाईघाईनं आरती सुरू करते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलायला जमेल असं वाटतंय. बघू — जमतं का.

आधी एवढं सांगते की कळमनुरीत माझं नाव चांगलं आहे. बचत गटाची मी अध्यक्ष. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला दरवर्षी चार शब्द बोलायला लावतात आणि ते चार शब्द दरवर्षी तेच असतात — सुनेला लेक माना. बायका माना डोलावतात. माझ्या बालाजीनं पुण्यात ऑफिसातल्या मुलीशी लग्न ठरवलं, मुलगी वसईची, ख्रिश्चन, तेव्हा अख्खी गल्ली माझ्या तोंडाकडे बघत होती. ही आता काय करते? मी पेढे वाटले. मग, तुम्ही म्हणाल, हिला कबूल काय करायचंय?

थांबा. सांगते.

सिंथिया तिचं नाव. मराठी आमच्यापेक्षा साफ. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आली ती माझ्यासाठी ओव्हन घेऊन. मी तो खोक्यासकट माळ्यावर टाकला. आमचे मालक म्हणजे मोंढ्याच्या बाजारातून घरी आल्यावर हळदीच्या भावापलीकडे तोंड न उघडणारा माणूस, पण तिला गाडीवर बसवून शेत दाखवून आणलं. वर साठीत बिनसाखरेची काळी कॉफी प्यायला शिकले! मला इतक्या वर्षांत कुणी शेत दाखवायला नेलं नाही. मी गेले ती भाकरी घेऊन. मला राग आला होता. भयंकर राग. पण हसत होते मी, आणि हसता हसता आतून जळत होते. हे कारण म्हणून सांगत नाही, होतं ते सांगतेय.

डिसेंबरात ती म्हणाली, पहिला नाताळ सासरी करते. आईला सोडून इथं आली. तिच्या माहेरी नाताळच्या सकाळी चर्चमधून आल्यावर आई एक टार्ट करते — मैद्याची जाड पारी, तिच्यात फेटलेली अंडी आणि बेकन, भट्टीत भाजलेलं. मग उशिरा सगळे मिळून खातात. त्याला ती ब्रंच म्हणते. नाश्ता आणि जेवण एकत्र. आमच्याकडे त्याला आळस म्हणतात. पण तिला तो टार्ट आम्हा सगळ्यांना खाऊ घालायचा होता.

आदल्या संध्याकाळी तिनं मला विचारलं. नीट विचारलं. "आई, अंडी-मटण खातात ना सगळे? कमलआत्या, काकू?"

मी म्हणाले, "खातात की."

खोटं होतं का हे? नव्हतं. आमच्या मागच्या अंगणात पत्र्याखाली मटणाची वेगळी चूल आहे, वेगळं पातेलं आहे. माझी नणंद कमल तर रश्शात भाकरी कुस्करून बोटं चाटते. फक्त — तो महिना मार्गशीर्ष होता. मार्गशीर्षात आमच्या उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा येत नाही. गुरुवारची पूजा मीच मांडते. कमल साखऱ्याहून येणार होती तीच मुळी दुसऱ्या दिवशी शेवटच्या गुरुवारचं उद्यापन होतं म्हणून. सिंथियाला हे कुठून कळणार? श्रावण तिला ठाऊक होता, मार्गशीर्ष नव्हता. आणि बालाजी? तो अकरावीपासून होस्टेलवर; त्याला महिना म्हणजे पगाराचा, एवढंच कळतं.

ती पुढे म्हणाली, "त्यात बेकन असतं आई. डुकराचं. कुणाला चालत नसेल तर नुसत्या अंड्यांचा करते. किंवा करतच नाही, पुण्याला गेल्यावर करीन."

बघा. किती सोपं करून दिलं होतं तिनं. मी नुसतं 'राहू दे' म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हणाले, "आणलंस ना एवढं बर्फात घालून? मग घाल."

नाताळच्या सकाळी बालाजी गाडी घेऊन आत्याला आणायला गेला. मालक मोंढ्यात. घरात आम्ही दोघीच. "बाहेरच्या चुलीपाशी बसून करू का?" तिनं विचारलं. मी म्हणाले, ओव्हनला बटण आतच आहे, आतच कर. ओव्हन माळ्यावरून मीच काढून दिला. देवघर आमचं स्वयंपाकघरातच, कोपऱ्यात. मी त्याचा पडदा ओढून घेतला. ते पाहून ती हसली. "देवांना वास नको ना?" मीही हसले.

तिनं गार लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळलं. पारी लाटली, डब्यात बसवली, काट्यानं टोचली. वर कागद घालून वाटीभर कोरडे हरभरे मागितले, म्हणजे पारी फुगत नाही म्हणे. हरभरे मी दिले. तेव्हा बोलता आलं असतं. मग तिनं बेकन परतायला घेतलं. माझ्या तव्याला हात लावला नाही. तुमची भांडी नकोत म्हणून स्वतःचा तवा पुण्याहून आणला होता. चरबी सुटून तुकडे कडक झाले, घरभर वास सुटला. तेव्हाही बोलता आलं असतं. अंडी फोडली, साय घातली, चीज, मिरपूड, कांद्याची पात. ओव्हनची काच लाल झाली. मी खुर्चीवर बसून पात निवडायला मदत करत होते — हो, मदत! — आणि छातीत धडधडत होतं. भीतीनं? नाही. अजून खरं सांगायचं तर, आनंदानं. आता सगळे बघतील, असं वाटत होतं. काय बघतील, ते मी स्वतःशीही नीट बोलले नव्हते.

टार्ट सुरेख झाला होता. वर सोनेरी, मध्ये जरासा थरथरणारा. तिनं नवी साडी नेसली, ताटल्या मांडल्या.

कमल आली, माझी जाऊ आली, मालक आले. सगळे बसले. सिंथियानं पहिला तुकडा कमलला वाढला. जावेनं वाकून पाहिलं, "हे लाल लाल काय हाय गं?" आणि तिनं सांगितलं. साधेपणानं, अंडी आणि बेकन, म्हणजे डुकराचं. तेव्हाही ती हसतच होती.

कमलनं ताटली अशी लोटली की ती फरशीवर गेली. "मार्गशीर्षात? घरात शिजवलं हे? उद्या उद्यापन हाय न् आज हे करून राहिले तुमी? वैनी, हिला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

आता ते सांगते ज्यासाठी एवढं लांबण लावलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. माझ्याच ध्यानात राहिलं नाही म्हटलं असतं तरी कुणी मला फाडून खाल्लं नसतं. मी म्हणाले, "सांगितलं होतं की. लेकरू हाय, इसरलं असंल."

सिंथियानं माझ्याकडे पाहिलं. लगेच समजलं तिला. तिच्या डोळ्यांत ते कळणं मी पाहिलं — आधी काहीच नाही, मग सगळं. आदल्या संध्याकाळपासूनचं सगळं. एक शब्द बोलली असती तर मी तिथंच उघडी पडले असते. ती कमलकडे वळून म्हणाली, "हो आत्या. आई बोलल्या होत्या. मीच विसरले."

काहून? मला अजून कळत नाही. माझी लाज राखली तिनं की मला उत्तर द्यायचीही तिला किळस आली?

बालाजी तिच्यावर ओरडला. सगळ्यांसमोर. आईनं सांगूनसुद्धा विसरतेस, एवढं पण नाही जमत तुला? ती मान खाली घालून उभी. मालक काहीतरी पुटपुटले, ताटली ठेवून बाहेर गेले. मग कमल म्हणाली, घर शुद्ध करा. गोमूत्र मीच आणलं. मीच शिंपडलं — ओट्यावर, फरशीवर, ती उभी होती तिच्या पायांभोवती. थोडे थेंब साडीवर उडाले. तिनं पाय मागे घेतले, म्हणजे मला नीट शिंपडता यावं. टार्ट तिनं स्वतः कागदात गुंडाळून लांब नेऊन टाकला, डबा अंगणातल्या नळाखाली घासला. आणि मी? मी तिच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, जाऊ दे, चुकतं माणूस. कमल जावेला म्हणाली, वैनीचं मन लई मोठं. संक्रांतीला हळदीकुंकवात बायकाही माझ्याबद्दल तेच बोलल्या.

मी ते नाकारलं नाही. तिळगूळ वाटले.

ती येते अजून. दिवाळीला, उन्हाळ्यात. वाकून नमस्कार करते, औषधं आठवणीनं आणते, काही म्हणता काही कमी करत नाही. बालाजीला तिनं सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तो माझ्याशी असा मोकळा बोलला नसता. अजूनही कधी चेष्टेत म्हणतो, हिला कॅलेंडर बघता येत नाही. ती हसून सोडून देते. मीही तिथंच असते.

परवा आले होते दोघं. मालकांना अशक्तपणा आहे, डॉक्टरांनी अंडी खायला सांगितलीत. सिंथियानं येताना आणली होती. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं ह्यांना विचारलं, "बाबा, आज चालेल ना अंडं?"

हे म्हणाले, "मला काय कळतं त्यातलं. तुझ्या सासूला विचार की."

मी ओट्यापाशीच होते. हातभर अंतरावर. तोंड उघडलं होतं मी, शब्द जिभेवर होता. ती माझ्याकडे वळली नाही. अंडी तशीच पिशवीत ठेवली, पिशवीची गाठ मारली आणि म्हणाली, "राहू द्या बाबा. वरण टाकते."

साधा बुधवार होता. चाललं असतं.